साडेतीन वर्षांचं मूल पेन्सिल नीट धरत नाही : घरी काय खेळायला द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळच्या एका गावातलं कुटुंब, मुलगा साडेतीन वर्षांचा. बालवाडीतून रोज ‘अ’ ते ‘अः’ गिरवायचं पान घरी येतं. तो पेन्सिल मुठीत धरतो, दोन ओळी झाल्या की फेकून देतो. शर्टाची बटणं लागत नाहीत, कात्री अजून हातात दिलेली नाही. पावसाचे चार महिने मूल घरातच असतं. बोटांच्या व्यायामाचा विकतचा संच आणावा का, की घरातल्या वस्तूंनी भागेल?

संच आणू नका. त्यातलं सगळं तुमच्या स्वयंपाकघरात आणि पडवीत आहे, आणि बरंचसं त्याहून चांगलं आहे. कारण ओलं, कडक, चिकट, निसरडं असा फरक प्लॅस्टिकच्या मण्यांत नसतो आणि बोटं शिकतात ती या फरकातूनच. गिरवायची पानं मात्र निदान वर्षभर बाजूला ठेवा. बालवाडीच्या ताईंशी कसं बोलायचं ते पुढे सांगतो.

आधी वयाचा अंदाज

साडेतीनाव्या वर्षी पेन्सिल मुठीत धरणं म्हणजे मागे पडणं नव्हे. साधारण क्रम असा असतो. एक ते दीड वर्षात मूल खडू मुठीत धरून खांद्यापासून हात हलवतं. दोन ते तीनच्या दरम्यान सगळी बोटं पेन्सिलीवर येतात, पण तळवा खाली वळलेला असतो. साडेतीन ते चारच्या आसपास तीन किंवा चार बोटांची पकड दिसते, तेव्हाही हलतो तो सगळा हातच. पंजा टेकलेला आणि फक्त बोटं हलताहेत, ही पकड साडेचार ते सहाच्या दरम्यान बसते. तीनऐवजी चार बोटांनी धरली तरी चालते, त्यासाठी मुलाच्या मागे लागायचं कारण नाही.

आकारांचंही तसंच. उभी रेघ दोन वर्षांच्या सुमारास, मग आडवी, गोल तीनला, अधिकचं चिन्ह चारला, चौकोन साडेचारला, त्रिकोण पाचच्या आसपास. आता ‘अ’ कसा काढतात ते बघा. वरचा वळसा, खालचा वळसा, मधली आडवी दांडी, उभा काना आणि शिरोरेघ. ज्याला तिरकी रेघ अजून जमत नाही त्याच्याकडून आपण हे काढून घेतो आणि वर त्याला कंटाळा येतो म्हणतो.

लहान मुलाच्या आणि मोठ्याच्या मनगटाचे एक्स-रे शेजारी शेजारी दाखवणारं एक चित्र व्हॉट्सॲपवर फिरत असतं. चित्र खोटं नाही. मनगटातल्या आठ हाडांपैकी तीन वर्षांच्या मुलात दोन-तीनच एक्स-रेत दिसण्याइतकी पक्की झालेली असतात आणि शेवटचं दिसायला नऊ ते बारा वर्षं उजाडतात. पण ‘हाडं नाहीत म्हणून लिहिता येत नाही’ हा त्यावरून काढलेला अर्थ अर्धाच आहे. हाडं दिसण्याआधीही कूर्चा, म्हणजे मऊ हाड, तिथे असते आणि मूल बोटांनी पुष्कळ काही करतं. कमी असतं ते स्नायूंचं बळ, सांध्यांचं स्थैर्य आणि सराव. हाडांची वाट पाहत बसण्यापेक्षा या तीन गोष्टींवर काम करा.

बोटांच्या आधी खांदा आणि मनगट

ज्याचा खांदा डगमगतो तो पेन्सिल घट्ट आवळतो. मनगट खाली वाकलेलं असेल तर बोटं नीट मिटत नाहीत. स्वतःच करून बघा: मनगट पूर्ण आत वाकवा आणि मूठ आवळा, जोर लागत नाही. आता मनगट किंचित वर उचलून आवळा. म्हणून सुरुवात उभ्या पृष्ठभागावर.

पाटी किंवा जाड पुठ्ठा भिंतीला टेकवून पक्का करा. त्याचा मध्य मुलाच्या छातीच्या आणि डोळ्यांच्या मधोमध यावा. खडू मोडून दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे द्या. तुकडा इतका लहान असला की मुठीत धरताच येत नाही, न सांगता बोटांच्या टोकांवर येतो. उभ्या पाटीवर मनगट आपोआप मागे वळतं आणि खांदा काम करतो. पाऊस नसेल तेव्हा एका वाटीत पाणी आणि दोन इंची रंगाचा ब्रश देऊन चिऱ्याच्या गडग्याकडे, म्हणजे जांभा दगडाच्या कुंपणाकडे, पाठवा. सुका चिरा भिजला की गडद होतो, पाच-दहा मिनिटांत पुन्हा सुकतो, म्हणजे पाटी आपोआप पुसली जाते. हातांवर चालणंही चांगलं. मुलाच्या मांड्या आपण धरायच्या, त्याने तळव्यांवर ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. घोटे धरू नका, कंबर खाली लोंबकळते आणि सगळा भार पाठीवर जातो.

बसण्याकडे लक्ष द्या. खाटेवर लोळून किंवा सोफ्यात रुतून बोटांचं काम होत नाही. मांडी घालून बसवा आणि पुढ्यात चौरंग ठेवा. चौरंगाची कड मुलाच्या कोपराच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर असावी. खुर्ची असेल तर पाय टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.

स्वयंपाकघरात

मला विचाराल तर कोकणातल्या घरातला सगळ्यात चांगला चिमटीचा खेळ म्हणजे बिरड्याचे वाल सोलणं. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि सोलायच्या आधी कोमट पाण्यात घालायचे. मग दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबला की सालातून सुळकन बाहेर येतो. किती जोर लावायचा याची परीक्षा प्रत्येक दाण्याला होते. मुलाला पंधरा-वीसच दाणे द्या, कडा असलेल्या ताटात. न सोललेले एका वाटीत, डाळिंब्या दुसरीत, सालं ताटात. दाणा सुटत नसेल तर वाल कमी भिजलेत किंवा पाणी गार झालंय. मूल मग नख किंवा दात लावायला लागतं, तेव्हा ‘नीट कर’ म्हणण्याऐवजी पाणी बदला. दाणे उडून पडत असतील तर जोर जास्त होतोय. पहिले चार-पाच दाणे पाण्याखालीच दाबायला सांगा, उडत नाहीत. एक मात्र पक्कं: मुलाशेजारी मोठं माणूस बसलेलं हवं. वाल, वाटाणा, चवळी नाकात गेली तर ओलाव्याने फुगते आणि काढणं अवघड होतं. तशी गेलीच तर घरी चिमट्याने काढायचा प्रयत्न करू नका, दाणा आणखी आत जातो. दवाखान्यात न्या.

त्याच्या खालोखाल उकड. पण ती फक्त गणपतीतल्या मोदकांपुरती ठेवू नका. खेळायच्या उकडीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल. उकळी आली की एक वाटी बारीक तांदळाचं पीठ घालून ढवळायचं, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं झाकून वाफ आणायची, उतरवून दहा मिनिटं झाकून ठेवायची. गरम असताना मोठ्यांनीच मळायची. कोमट झाली की लिंबाएवढे दोन गोळे मुलाला. साडेतीन वर्षांच्या मुलाला आधी दोन तळव्यांत फिरवून गोळा करायला लावा. यात तळव्याला खोलगट बाक येतो आणि हाच बाक पुढे पेन्सिल पेलतो. मग चापटून चपटा करायचा, मग अंगठ्याने मध्ये खड्डा पाडायचा. खोलगट पारी साडेचारला जमते. मोदकाच्या कळ्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने काढायच्या असतात, म्हणजे पेन्सिलीची पकड तीच. त्या पाच-साडेपाचच्या आधी एकसारख्या येणार नाहीत. येऊ नयेत अशीच अपेक्षा ठेवा.

उकडीला भेगा पडत असतील तर ती कोरडी किंवा कमी मळलेली आहे, ओल्या हाताने पुन्हा मळा. हाताला चिकटत असेल तर बोटांना तेल लावा. नव्या तांदळाचं पीठ जास्त चिकट असतं. आणि बोटांना चिकटलेलं आवडत नाही म्हणून मूल रडत असेल तर त्याचा हात धरून उकडीत घालू नका. शेजारी ओलं फडकं ठेवा, हवं तेव्हा पुसू द्या. सुरुवातीला गोळा तांदळाच्या कोरड्या पिठात घोळवून द्या. चमच्याने किंवा वाटीच्या कडेने कापायला दिलं तरी चालेल, हात हळूहळू येतो.

रोज उकड करणं शक्य नसतं. त्यासाठी मैद्याचा टिकाऊ गोळा: एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, एक चमचा लिंबाचा रस. सगळं गार असतानाच गुठळ्या मोडून कालवायचं, मंद आचेवर सतत ढवळत कढईपासून सुटेपर्यंत शिजवायचं, मग मळायचं. डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की मीठ तो ओढून घेतं आणि गोळ्याला पाणी सुटतं. वरून मैदा भुरभुरून मळला की एक-दोनदा भागतं. आठवड्याने, किंवा काळे ठिपके अथवा वास दिसला की लगेच, टाकून द्या. यात मीठ खूप असतं, खाल्लं तर त्रास होतो. वस्तू अजून तोंडात घालणाऱ्या मुलाला उकडच बरी.

शाडू त्याहून कडक. गणपतीच्या हंगामात पेणपासून सावंतवाडीपर्यंत कारखान्यांतून थोडी माती सहज मिळते. अर्धा किलो पुरते. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर मऊ राहते. उकड, मैद्याचा गोळा, कणीक, शाडू असा मऊकडून कडककडे क्रम ठेवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी शाडू दिली तर तो बोटांऐवजी सगळं अंग टाकून दाबतो, म्हणजे खेळ वाया. पावसात मळ्यातली, गोठ्याजवळची किंवा साचलेल्या पाण्याची माती खेळायला देऊ नका. या दिवसांत कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून आणि मातीतून होणाऱ्या तापाचा, धोका असतो आणि हातापायाला बारीक खरचटलेलं असलं तरी तो वाढतो.

नारळाचा रस काढणं मुलांना फार आवडतं. अर्धी वाटी खोवलेलं खोबरं कोमट पाण्यात भिजवून मलमलच्या फडक्यात बांधा आणि मुलाला दोन्ही हातांनी पिळू द्या. एक हात पुढे, एक मागे, असा पीळ घालायला शिकवा. नुसतं दाबलं तर एकाच हाताचं काम होतं. खोबरं जास्त घेतलं की पुरचुंडी मुठीत मावत नाही. पंचाचा छोटा तुकडा ओला करून पिळणं हाही तोच खेळ, खोबऱ्याविना.

रांगोळी चिमटीची नव्हे, सोडण्याची शिकवण देते. पकडण्यापेक्षा हळू सोडणं अवघड. विकतची रांगोळी बारीक दगडाची भुकटी असते, डोळ्यांत जाते आणि झोंबते, म्हणून तांदळाचं पीठ घ्या. कागदावर रुपयाएवढी पाच वर्तुळं काढा आणि प्रत्येकात चिमूट चिमूट पीठ टाकायला सांगा. सगळा पंजा उघडून पीठ एकदम पडत असेल तर अनामिका आणि करंगळी यांच्या मुठीत कागदाचा एक बोळा धरायला द्या. ती दोन बोटं गुंतली की उरलेली तीन आपोआप वेगळी काम करतात. हीच युक्ती पुढे कात्रीला आणि पेन्सिलीलाही लागू पडते.

एप्रिल-मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया काढायला साडेतीन-चार वर्षांचं मूल बसू शकतं. कपडे जुने घाला, डाग जात नाही, आणि बोटाला चीर असेल तर त्या दिवशी नको. फणसाच्या शिजलेल्या आठळ्या गार झाल्यावर त्यांचं वरचं पांढरं साल काढणंही चांगलं, पण तुकडा तोंडात टाकून पळणाऱ्या मुलाला देऊ नका.

चिमटे, ओवणं, कात्री

पावसात घरभर दोऱ्या बांधलेल्या असतातच. त्यातली एक मुलाच्या छातीच्या उंचीला बांधा आणि पायमोजे, रुमाल, लंगोट वाळत घालायचं काम त्याचं. सहा ते आठ चिमटे पुरेत. चिमटा योग्य आहे का हे ओळखायची सोपी रीत: तो आपण स्वतः अंगठा आणि करंगळीत धरून दाबायचा. सहज उघडला तर मुलाला जमेल. खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजते आणि चिमटा कडक होतो. एरवी दाबणारं मूल अचानक दोन्ही हात लावायला लागलं तर आधी चिमटा बघा. मूल चिमटा अंगठा आणि तर्जनीच्या कडेने, किल्ली धरल्यासारखा दाबत असेल तर चिमट्याच्या दोन्ही टोकांना रंगाचा ठिपका द्या आणि ‘ठिपक्यावर बोटाचं टोक’ एवढंच सांगा.

ओवण्यासाठी मणी विकत नकोत. पोकळ बांबूच्या बारीक काठीचे तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे कापून पॉलिश पेपरने कडा घासून घ्या, कुसळ राहता कामा नये. दोरा लोंबणारा असला की मुलाचा सगळा राग दोऱ्यावर निघतो, म्हणून बुटाची नाडी घ्या आणि तिच्या टोकाला चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. दुसऱ्या टोकाला एक तुकडा बांधून ठेवा, नाहीतर ओवलेलं सगळं घसरून जातं. पहिल्यांदा पाच तुकडे, जास्त नाही. कोणत्या हातात नाडी धरायची हे त्याचं त्याला ठरवू द्या. पुढे पाचव्या वर्षी बोथट सुई देऊन जास्वंदीच्या कळ्या किंवा झेंडू ओवता येतात. हिराच्या काड्या या वयाला देऊ नका. टोक डोळ्यांच्या उंचीला येतं.

कात्री साडेतीनला द्यायला हरकत नाही, बोथट टोकाची. कागद मात्र वर्तमानपत्राचा नको. तो पातळ असल्याने पात्यांच्या मध्ये दुमडतो आणि कात्रीच खराब आहे असं मुलाला वाटतं. जुन्या लग्नपत्रिका उत्तम. त्यांच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून द्या, म्हणजे एका झटक्यात तुकडा पडतो. फणसाची गळून पडलेली जाड पानंही छान कापली जातात. झाडावरची ताजी नकोत, चीक लागतो. दोन-चार आठवड्यांनी पाच सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर जाड, एक सेंटिमीटर रुंद रेघ काढा आणि तिच्यावरून कापायला द्या. गोल कापणं साडेचार-पाचच्या आधी अपेक्षू नका. चूक नेहमी एकच होते: कोपर बाहेर, तळवा खाली, अंगठा जमिनीकडे. काखेत एक घडी केलेला रुमाल धरायला सांगा, कोपर अंगाशी राहतं. अंगठा वर, हे कळावं म्हणून अंगठ्याच्या नखावर पेनाने डोळे काढा आणि ‘डोळ्यांना छप्पर दिसलं पाहिजे’ म्हणा. मूल डावखुरं असेल तर कात्रीही डावखुऱ्यांचीच हवी. उजव्या कात्रीची पाती डाव्या हातात एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि रेघही पात्याआड जाते.

बटणं अंगावर शिकवू नका. जुना शर्ट मांडीवर पसरा, समोर दोन-अडीच सेंटिमीटरची मोठी बटणं शिवा आणि काजी किंचित सैल करा. आधी काढणं, मग लावणं. शेवटची ओढ मुलाने घ्यायची. म्हणजे बटण अर्ध्यापर्यंत आपण आत घालायचं आणि त्याने दुसऱ्या बाजूने ओढून काढायचं. मांडीवर जमलं की मग अंगावर, खालच्या बटणापासून, कारण ते दिसतं.

पाच सागरगोटे मुठीत धरून एकेक बोटांच्या टोकाशी आणून डब्यात टाकणं हा चार वर्षांनंतरचा खेळ. सुरुवात दोनाने. मूल दुसऱ्या हाताची मदत घेतं किंवा पोटाला टेकवून सरकवतं. तसं झालं तर दुसऱ्या हातात डबा धरायला द्या.

कोकणात काय टाळायचं

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चार सेंटिमीटरपेक्षा बारीक काहीच जमिनीवर राहू नये. वस्तू चार सेंटिमीटर रुंद कागदी नळीतून आरपार जाते का ते पाहा. जात असेल तर ती त्या भावंडाच्या आवाक्यात नको. सागरगोटे, कवड्या, चिंचोके, मणी सगळं यात आलं. बटणासारखे गोल सेल आणि छोटी लोहचुंबकं कोणत्याही वयाच्या लहान मुलाजवळ नकोत. गिळली गेली तर तास मोजत बसायचं नसतं, थेट रुग्णालय.

मोजणीला आणि ओवायला बिया गोळा करताना आजी-आजोबांच्या लहानपणच्या काही वस्तू वगळाव्या लागतात. गुंजा दिसायला देखण्या, पण भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज जीवघेणी विषारी. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी आणि एरंडाच्या बिया यांचंही तेच. मार्च ते मे अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बिया मुलांना हाताळू देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. सोललेली सुपारी खेळायला नकोच, मुलं ती चघळतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या चालतात, उकळून, घासून आणि कडा तपासून. कालवांची टरफलं नकोत, सुरीसारखी कापतात.

हे साहित्य वापरण्याची कल्पना इथे नवी नाही. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डीला, म्हणजे उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरच, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरीची महागडी साधनं गावातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी परिसरात फुकट मिळणाऱ्या बिया, शंख-शिंपले, पानं यांवर काम उभं केलं. पुढे हे काम कोसबाडला गेलं. घरात लाकडी खेळणी आणायचीच हौस असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतला भोवरा आणा. बोटांच्या टोकांनी फिरवायचा छोटा भोवरा, दोरीचा नव्हे.

पेन्सिल कधी आणि कशी

वरचे खेळ रोज दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याहून जास्त वेळ दिलात तर मूल खेळ सोडत नाही, तुम्हाला टाळू लागतं. एका दिवशी एक कामाचा खेळ आणि एक मजेचा. खांदा वर चढणं, बोटांची टोकं पांढरी पडणं, हाताऐवजी सगळं अंग वाकणं ही थकव्याची चिन्हं. जीभ बाहेर येणं किंवा दुसरा हातही तसाच हलणं या वयात चालतं, त्यावरून टोकू नका.

लिहिण्याऐवजी चित्र. मेणाचे खडू मोडून, किंवा पाच-सहा सेंटिमीटरची बुटकी पेन्सिल. लांब गुळगुळीत पेन्सिल आणि व्हाइटबोर्डवरचा मार्कर दोन्ही निसरडे, हाताला काही कळत नाही. दगडी पाटीवर घर्षण लागतं आणि म्हणूनच ती अजून उत्तम. मूल पाटीची पेन्सिल खातं अशी तक्रार असेल तर रागावण्याआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन तपासा, लोहाची कमतरता असू शकते. मोबाइलवर बोटाने अक्षरं गिरवायची ॲप्स या कामी उपयोगाची नाहीत. काचेवर बोट सरकवायला जोर लागत नाही आणि चिमूट तर नाहीच.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत काठीने मोठमोठे गोल, डोंगर, लाटा काढू द्या. कोरड्या वाळूत रेघ उरत नाही. अक्षरं सुरू करायची तेव्हा, म्हणजे गोल, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ नमुना न बघता काढता येऊ लागल्यावर, ‘अ’पासून नको. ट, ठ, प, व, ग, म यांसारखी थोड्या रेघांची आधी.

बालवाडीच्या ताईंना भांडायला जाऊ नका. त्यांच्यावर पालकांचाच दबाव असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे, पहिली सहाव्या वर्षी, आणि सुरुवातीची वर्षं खेळातून शिकण्याची आहेत. हे शांतपणे सांगून विचारा, की गिरवायच्या पानाऐवजी त्याच पानाच्या मागे मुलाने काढलेलं चित्र किंवा चिकटवलेले कात्रीचे तुकडे आणले तर चालतील का. बहुतेक ताई हो म्हणतात.

कधी दाखवायचं

दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल, दुसरा मुठीत मिटलेला किंवा अंगाशी धरलेला असेल, तर ‘डावखुरा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. त्या वयात हात ठरलेला नसतो, तो चार ते सहाच्या दरम्यान पक्का होतो. एक वर्ष उलटूनही चिमटीने चुरमुरा उचलता येत नसेल, दोन वर्षांनंतर खडूने रेघोट्याच ओढत नसेल, वस्तू घेताना हात थरथरत असेल, किंवा आधी जमत होतं ते बंद झालं असेल, तर वाट पाहू नका. तुमच्या मुलाच्या बाबतीत या यादीतलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तीन महिने हे खेळ नियमाने होऊनही चमच्याने जेवणं, बटण काढणं, चिमटा दाबणं यांत काहीच फरक दिसला नाही तर एकदा तपासून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, तारीख अंगणवाडीताईंना ठाऊक असते. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळू शकते. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजच्या कामातल्या हातांच्या हालचाली तपासून शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, भेटायचं असल्याचं आधीच सांगा. जाताना मुलाने गेल्या महिन्यात काढलेली तीन-चार चित्रं, आणि मूल जेवताना, चिमटे लावताना, बटण काढताना घेतलेले अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ सोबत न्या. अनोळखी खोलीत मूल हात खिशात घालून बसलं तरी तपासणाऱ्याला पाहायला काहीतरी मिळतं.